मांजर हवेत किती वेळ थांबतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही ऐरोलीला राहता. नववीतल्या लेकीने मे महिन्याच्या सुट्टीत टॅबवर मांजर-उंदराच्या पाठलागाचं २० सेकंदांचं कार्टून केलं. चित्रं नीटस आहेत, रंग छान आहेत, मांजर मांजरासारखं दिसतंय. पण घरात कोणालाच हसू आलं नाही आणि पोरगी हिरमुसली. त्याच घरात टॉम अँड जेरीचा ८० वर्षांपूर्वीचा भाग लागला की आजीसकट सगळे खो खो हसतात. त्या जुन्या, हाताने काढलेल्या कार्टूनमध्ये असं काय आहे, इतका मार दाखवूनही ते क्रूर का वाटत नाही, आणि ते तिला जमेल का?

जमेल. फक्त तुम्ही जिला चित्रकलेची अडचण समजताय ती वेळेची अडचण आहे. तिची चित्रं आणखी सुबक झाली तरी हसू येणार नाही. पाठलागाच्या कार्टूनमध्ये आपण धावण्याला हसत नाही. झेप घेण्याआधी मांजर दबकून बसतं तिथे हसतो, ओट्याच्या कडेपलीकडे जाऊन ते हवेतच थांबतं तिथे हसतो, आणि भांडी कोसळून झाल्यावर जी शांतता पसरते तिथे हसतो. धावणं हा या थांब्यांना जोडणारा रस्ता आहे. तिने बहुधा २० सेकंद नुसता रस्ताच काढलाय. सुरुवातीला सगळे हेच करतात, कारण ‘पाठलाग’ म्हटलं की डोळ्यांसमोर पळणारे पायच येतात.

थोडं पाहणाऱ्यावरही अवलंबून आहे. चार वर्षांच्या पोराला कोणी धपकन पडलं एवढं पुरतं. मोठ्या माणसाला आता हा पडणार हे क्षणभर आधी कळलं तर जास्त मजा येते. टॅब की कागद याने फारसा फरक पडत नाही. थ्रीडी म्हणजे वाईट असंही नाही. थ्रीडीत संगणक दोन पोझमधली हालचाल स्वतः भरून देतो आणि ती दुरुस्त केली नाही तर पात्र पाण्यात तरंगल्यासारखं हलतं. हाताने काढणाऱ्याला प्रत्येक मधलं चित्र स्वतः ठरवावं लागतं, त्यामुळे तो आपोआप वेळेचा विचार करतो. जुन्या कामाचा गोडवा बराचसा या सक्तीतून आलेला आहे.

ती माणसं काम कशी करत ते पाहिलं की हे लगेच पटतं. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एमजीएम स्टुडिओत १९४० साली मांजर-उंदराची पहिली फिल्म केली. त्यात मांजराचं नाव टॉम नव्हतं, जॅस्पर होतं. पुढे १९५८ पर्यंत या जोडीच्या फिल्म येत राहिल्या आणि त्यांपैकी ७ फिल्मना ऑस्कर मिळालं. कामाची वाटणी साधी होती: बार्बेरा गमती सुचवून त्या चित्रांतून मांडायचे, हॅना टायमिंग ठरवायचे. हॅनांचा कान संगीताचा होता आणि ते मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या लयीत ठोके देणारं यंत्र, लावून मोजायचे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सनी, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी चालतो. दर १२ फ्रेम्सना एक ठोका धरला तर मिनिटाला १२० ठोके होतात, ८ फ्रेम्सना धरला तर १८०. म्हणजे लय ठरली की पाऊल कुठल्या फ्रेमवर पडणार, तवा कुठल्या फ्रेमवर आदळणार हे कागदावर आधीच लिहिता येतं. सात मिनिटांच्या फिल्ममध्ये १०,०८० फ्रेम्स होतात. त्यांचा हिशोब आधी, पेन्सिल नंतर. तुमच्या लेकीने क्रम उलटा ठेवला असणार, आधी चित्रं काढली आणि मग ती एकामागून एक लावली.

ठाण्याजवळ राहणाऱ्याला हे समजायला तिथल्या गडकरी रंगायतन नाट्यगृहाचं उदाहरण पुरेसं आहे. फार्स चालू असताना कसलेला नट वाक्य टाकतो आणि थांबतो. हशा वर चढतो, उतरायला लागतो, आणि तो पूर्ण विरायच्या आत पुढचं वाक्य येतं. नवखा नट हशातच बोलतो आणि पुढची दोन वाक्यं वाया घालवतो. कार्टूनवाल्यासमोर प्रेक्षक नसतो, म्हणून त्याला तो पॉज आधीच चित्रांत बांधून ठेवावा लागतो. त्यालाच आम्ही होल्ड म्हणतो.

आता प्रत्यक्ष एक जागा घेऊ. समजा आपलं नेहमीचं स्वयंपाकघर आहे. उंदराने डब्यातला लाडू पळवलाय आणि तो ओट्याच्या पलीकडच्या खिडकीत बसलाय. मांजर ओट्यावर आहे, मधे लाटणं आडवं पडलंय. मांजर झेपावणार, लाटण्यावर पाय पडणार, ते कडेबाहेर जाणार आणि खाली धुऊन रचलेल्या स्टीलच्या भांड्यांवर कोसळणार. मी याच्या फ्रेम्स अशा लावेन.

मांजर दबकतं, त्याला १४ फ्रेम्स. अंग स्थिर, फक्त शेपटीचं टोक हलतं. मग मागचा भाग डावी-उजवीकडे डुलतो, १० फ्रेम्स. खरं मांजरही झेपेआधी असंच डुलतं. बेलापूरच्या दिवाळे गावातल्या मासळी बाजारात सकाळी अर्धा तास उभं राहून लेकीला मांजरं बघू द्या, यूट्यूबपेक्षा जास्त शिकेल. मग झेप, फक्त ३ फ्रेम्स. त्यातली मधली फ्रेम स्मिअरची, म्हणजे मांजर ओळखूही येऊ नये इतकं लांबवलेलं, रबरासारखं ताणलेलं. एकटं पाहिलं तर चित्र विचित्र दिसतं, चालवून पाहिलं की वेग दिसतो. पाय लाटण्यावर पडतात आणि जागच्या जागी धडपड सुरू होते: ४ चित्रांचं चक्र, प्रत्येक चित्र एकच फ्रेम, चार वेळा फिरवून १६ फ्रेम्स. मग मांजर कडेबाहेर सरकतं, ६ फ्रेम्स.

इथून पुढे खरं काम आहे. मांजर हवेत थांबतं आणि त्या थांबण्याचे चार तुकडे होतात. पहिल्या ८ फ्रेम्स ते उंदराकडे बघून हसतंय, आपण जिंकलोच अशा थाटात. पुढच्या ४ फ्रेम्समध्ये फक्त बुब्बुळं खाली जातात, डोकं हलत नाही. मग पुन्हा ८ फ्रेम्स काहीच नाही. शेवटच्या ६ फ्रेम्समध्ये कान हळूहळू खाली पडतात. एकूण २६ फ्रेम्स, सेकंदाहून जरा जास्त. हे चारही तुकडे लागतात. पहिला काढला तर मांजराला कळलेलं नाही हे प्रेक्षकाला कळत नाही. बुब्बुळांसोबत डोकंही हलवलं तर कळण्याचा क्षण निसटतो. चक जोन्स यांच्या १९४९ साली सुरू झालेल्या रोड रनर आणि कोल्ह्याच्या कार्टूनमध्ये कोल्हा कड्यापलीकडे गेल्यावर लगेच पडत नाही, खाली जमीन नाही हे ध्यानात आल्यावर पडतो. गुरुत्वाकर्षण त्याच्या लक्षात येण्याची वाट बघतं. आपण हसतो ते त्या लक्षात येण्याला.

मग पडणं, ५ फ्रेम्स. आधी धड जातं, डोकं दोन फ्रेम्स वरच राहतं, मान ताणली जाते, मग डोकंही गायब. आणि मग रिकामी चौकट, १० फ्रेम्स. नुसता ओटा, लाटणं आणि उंदीर. त्यानंतर भांड्यांचा आवाज.

बेरीज करा: १४, १०, ३, १६, ६, २६, ५ आणि १०. बरोबर ९० फ्रेम्स, म्हणजे पावणेचार सेकंद. त्यातल्या ६० फ्रेम्स वाट बघण्यात गेल्या. झेप, धडपड, सरकणं आणि पडणं मिळून फक्त ३०. लेकीच्या कार्टूनमध्ये हेच प्रमाण मोजायला सांगा. माझा अंदाज आहे की वाट बघण्याच्या बाजूला जेमतेम पाच-दहा फ्रेम्स निघतील.

हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. मांजर जाडं असेल तर कान पडायला ६ ऐवजी १० फ्रेम्स द्या, भित्रं असेल तर बुब्बुळं २ फ्रेम्समध्ये खाली न्या. पण एक गोष्ट सहसा बदलत नाही: नवी पोझ डोळ्याला वाचता यायला किमान ६ फ्रेम्स लागतात, ८ ते १२ बरी. त्याहून कमी वेळ ठेवलेली पोझ कितीही छान काढली तरी कोणी पाहिलेलीच नसते. उलट टोक म्हणजे १२ फ्रेम्सपेक्षा जास्त वेळ एकच चित्र तसंच ठेवलं तर ते फोटोसारखं मरतं. म्हणून लांब होल्डमध्ये शेपटीचं टोक, मिशी किंवा एक कान हलता ठेवायचा.

दुसरी नेहमीची चूक सारख्या अंतराची. टॅबवर मागचं चित्र फिकट दिसतं, म्हणून नवशिका प्रत्येक चित्र मागच्यापासून साधारण तेवढंच पुढे काढतो. मग मांजर दबकतानाही त्याच गतीने सरकतं आणि झेपावतानाही. असं चित्र पाहताना डोळा पेंगतो. दबकण्याची चित्रं एकमेकांना चिकटून हवीत, दोन मिलिमीटरचाच फरक, आणि झेपेची दोन चित्रं पडद्याच्या अर्ध्या रुंदीइतकी लांब. दोन्ही मिळून वेग होतो. वेग एकट्याने दिसतच नाही, आधी काहीतरी सावकाश दिसावं लागतं.

आदळण्याच्या वेळी मधलं चित्र काढू नका. तवा तोंडापासून चार बोटांवर आहे आणि पुढच्याच फ्रेमला तोंड तव्याच्या आकाराचं झालेलं आहे, मधे काही नाही. मधे एक चित्र घातलं की तवा टेकल्यासारखा वाटतो. चेपलेलं चित्र २ फ्रेम्स ठेवा, मग उलट दिशेला जरा ताणलेलं २ फ्रेम्स, मग मूळ आकार. चेपताना आकारमान सांभाळायचं. डोकं ४ सेंटीमीटर रुंद आणि ४ सेंटीमीटर उंच असेल आणि उंची अडीचवर आणली, तर रुंदी ६.४ सेंटीमीटर झाली पाहिजे, कारण चार चोक सोळा आणि सोळाला अडीचने भागलं की ६.४. रुंदी तीच ठेवून नुसती उंची कमी केली तर डोक्यातली हवा गेल्यासारखं दिसतं, आणि मार लागल्याचं पटत नाही.

धावण्याबद्दल थोडंसंच सांगतो. दोघांची लय वेगळी ठेवा. मांजराला एका पावलाला ८ फ्रेम्स, उंदराला ४. उंदराचे पाय आखूड असतात, त्याने दुप्पट पावलं टाकलीच पाहिजेत. दोघांना एकच लय दिली की ते संचलन होतं. धावण्याच्या प्रत्येक पावलात एक चित्र असं हवं ज्यात दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले आहेत, नाहीतर ते भराभर चालणं होतं. संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावरून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडायला उतरणारी माणसं बघा. अंग पुढे गेलेलं असतं, खांद्यावरची बॅग एक पाऊल मागे असते, आणि माणूस थांबला तरी बॅग पुढे येऊन आदळते. शेपटीचं नेमकं तसंच आहे. शरीर थांबल्यावर शेपूट आणखी ४ ते ६ फ्रेम्स घेते.

पाठलाग बाजूने दाखवा, दोघेही चौकटीत पूर्ण दिसतील असा. मांजर उजवीकडे धावत असेल तर पुढच्या शॉटमध्येही उजवीकडेच धावू द्या, नाहीतर ते परत फिरलं असं वाटतं. मुलांना जवळून चेहरा काढायला आवडतं, पण जवळून दाखवलं की लाटणं दिसत नाही. मग पाय त्यावर पडेल ही धाकधूक कशी लागणार? लाटणं निदान ३ सेकंद आधीपासून डोळ्यांसमोर असायला हवं. जुन्या फिल्ममध्ये पार्श्वभूमी रंगवलेली असायची आणि हलणारी वस्तू सेलवर, म्हणजे पारदर्शक पातळ तावावर, वेगळ्या, सपाट रंगात. म्हणून फडताळातली कुठली बशी आता पडणार हे पोरांना आधीच ओळखू येतं. तांत्रिक मर्यादाच होती ती, पण वाट बघण्याची मजा तिने वाढवलीच.

तुम्ही विचारलंय की इतका मार दाखवूनही तो क्रूर का वाटत नाही. पहिलं कारण म्हणजे मांजराला नेहमी काहीतरी हवं असतं आणि भांडण बहुतेक वेळा त्यानेच उकरलेलं असतं. दुसरं, पुढच्या शॉटमध्ये ते धडधाकट असतं. तिसरं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं: मार लागल्यावर कॅमेरा जखमेकडे जात नाही, चेहऱ्यावरच्या भावाकडे जातो. आपण मांजराच्या दुखण्याला हसत नाही, त्याच्या फजितीला हसतो, आणि मनातून त्याच्या बाजूनेही असतो. म्हणून लेकीला आधी एक वाक्य लिहायला सांगा: माझ्या मांजराला काय हवंय आणि ते मिळालं तर ते काय करेल? ‘लाडू हवाय’ एवढं लिहिलं तरी दबकण्याची पोझ वेगळी पडते. जुने भाग दाखवताना एक लक्षात असू द्या, त्यांतल्या काहींमध्ये कृष्णवर्णीय माणसांची थट्टा आहे. ते दिसलं की थांबवून तिच्याशी बोला.

आवाजाकडे नवशिके शेवटी वळतात आणि मग सगळीकडे भरतात. टॉम अँड जेरीचे संगीतकार स्कॉट ब्रॅडली यांचं संगीत पात्रांच्या पावलापावलाला चिकटून चालायचं, म्हणून संवादांची गरज क्वचितच पडली. हे भाग जगात कुठल्याही भाषेच्या घरात चालले त्यात याचा मोठा वाटा आहे. टॉमची ती प्रसिद्ध किंकाळी स्वतः हॅनांच्या आवाजात आहे. घरी करायचं तर आवाज खरेच घ्या. स्टीलची ताटं फरशीवर टाका आणि फोनवर रेकॉर्ड करा. आवाज नेमका आदळण्याच्या फ्रेमवर बसवा किंवा एक फ्रेम नंतर, आधी कधीच नको. आधी आला की मेंदूला आवाज आणि टक्कर वेगवेगळ्या घटना वाटतात. आणि मांजर हवेत असतं त्या २६ फ्रेम्समध्ये संगीत पूर्ण बंद. तिथे ढोल वाजला तर सगळी मेहनत पाण्यात.

जुनं काम बघून शिकायचं असेल तर एक भाग निवडा, शक्यतो ‘द कॅट कॉन्चर्टो’. त्यात टॉम मंचावर पियानोवर संगीतकार लिझ्टची हंगेरियन ऱ्हॅप्सडी क्रमांक २ वाजवतोय आणि जेरी पियानोच्या आतच झोपलेला आहे. लय ऐकू येते, म्हणून मोजायला सोपं जातं. एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा डोळे मिटून ऐका. मग संगणकावर यूट्यूब थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या बटणांनी एकेक फ्रेम मागे-पुढे न्या आणि एका गमतीतल्या प्रत्येक पोझच्या फ्रेम्स वहीत लिहा. व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेम्सचा असेल तर साधारण दर चार फ्रेम्समागे एक फ्रेम दोनदा येते, ती मोजू नका. एक मिनिट असं मोजायला दोन तास लागतात, पण एवढं केलेलं मूल पुन्हा पहिल्यासारखं कार्टून काढत नाही.

साहित्यावर खर्च करू नका. आहे तो टॅब पुरे, संगणक असेल तर क्रिटा आणि ओपनटून्झ ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. फ्रेम रेट २४ ठेवा. बहुतेक चित्रं टूजवर, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम्स. २० सेकंदांना ४८० फ्रेम्स आणि जास्तीत जास्त २४० चित्रं. होल्ड वाढले की हा आकडा दीडशेपर्यंत उतरतो, तेव्हा तिचं कामही कमी होईल. झेप आणि धडपड तेवढी वन्सवर, म्हणजे दर फ्रेमला नवं चित्र. कागदावर करायचं असेल तर ऑफिसातल्या दोन भोकांच्या पंचने कागद भोसका. त्या भोकांमध्ये ८ सेंटीमीटर अंतर असतं आणि भोक ६ मिलिमीटरचं. तेवढ्याच अंतरावर लाकडी पट्टीत दोन खुंट्या बसवल्या की पेग बार, म्हणजे कागद एकमेकांवर नेमके बसवणारी पट्टी, तयार, आणि दिवसा खिडकीची काच हाच लाइट बॉक्स, म्हणजे खालचं चित्र दिसावं म्हणून मागून उजेड देणारी पेटी.

तिने नव्याने सगळं काढू नये. आहे त्याच चित्रांतून सात-आठ चांगल्या पोझ निवडाव्यात, त्यांच्या फ्रेम्स वहीत लिहाव्यात आणि नुसत्या त्याच पोझ, मधलं काहीही न काढता, त्या वेळेला चालवून बघाव्यात. गंमत इथेच कळायला हवी. इथे हसू आलं नाही तर मधली दोनशे चित्रं भरून ते येणार नाही.

हे चालवून बघताना घरातल्या एकाला समोर बसवा, आधी काही सांगू नका, आणि लेकीला पडद्याकडे न बघता त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघायला सांगा. मांजर हवेत असतानाच ओठ हलायला लागले तर २६ फ्रेम्स बरोबर आहेत. भांडी वाजल्यावरच हसू आलं तर बुब्बुळं खाली गेल्यानंतरच्या त्या ८ फ्रेम्समध्ये ४ वाढवा आणि दुसऱ्या माणसाला दाखवा. एकच माणूस दुसऱ्यांदा उपयोगाचा नाही, त्याला आता माहीत आहे.